सर्जनशील छायाचित्रणाचे छोटे डिजिटल प्रकाशन कसे उभारावे

देखणी छायाचित्रे पडद्यावर अमाप आणि फुकट दिसतात, त्यामुळे निव्वळ देखणेपणासाठी पैसे मोजणारा वाचक विरळाच. जो मोजतो तो निवडीसाठी मोजतो, चित्रे एका विशिष्ट क्रमाने लावण्यामागच्या विचारासाठी मोजतो आणि सर्वांत जास्त म्हणजे एखादे चित्र कसे घडले हे कुणीतरी हातचे न राखता, आकड्यांसह सांगावे यासाठी मोजतो. सर्जनशील छायाचित्रणावर डिजिटल नियतकालिक, पुस्तिका किंवा अंकमालिका काढू पाहणाऱ्याने ही गोष्ट आधी पक्की धरावी, कारण विषय किती रुंद ठेवायचा, अंक किती पानांचा करायचा, किंमत काय लावायची हे पुढचे जवळजवळ सर्व निर्णय तिच्यावरूनच ठरतात. छायाचित्र हा कच्चा माल आहे. विकला जातो तो संपादित अंक.

विषय अरुंद ठेवावा

सर्जनशील छायाचित्रण या नावाखाली फार काही येते. मुद्दाम कॅमेरा हलवून घेतलेली चित्रे, एकाच चौकटीवर घेतलेली अनेक एक्स्पोजर, पिनहोल कॅमेरा (लेन्सऐवजी सुईएवढे छिद्र असलेला), अंधारात टॉर्चच्या उजेडाने रेखाटलेली दृश्ये, कॅमेऱ्याविना केलेले फोटोग्राम, सायनोटाइप (लोहाच्या क्षारांवर उन्हाने उमटणाऱ्या निळ्या प्रतिमा), इन्फ्रारेड (डोळ्यांना न दिसणाऱ्या, लाल रंगापलीकडच्या प्रकाशातली चित्रे) असे कितीतरी प्रकार त्यात मोडतात. या सगळ्यांना एकाच प्रकाशनात जागा देण्याचा मोह होतो, पण तसे केल्यास प्रत्येक अंकात वाचकाला हवे असलेले एक पान आणि नको असलेली पन्नास पाने अशी स्थिती होते. मोठ्या नियतकालिकाला ते परवडते, कारण त्याच्यामागे जाहिरातदार असतात. एकट्यादुकट्याने चालवलेल्या प्रकाशनाला अरुंद विषयच तारतो.

इन्फ्रारेडचे उदाहरण घेऊ. डिजिटल कॅमेऱ्याच्या सेन्सरपुढे इन्फ्रारेड अडवणारी काच असते. ती काढून कॅमेरा बदलून घेणाऱ्या माणसाने बराच खर्च आधीच केलेला असतो आणि त्याचे प्रश्न अगदी नेमके असतात. ७२० नॅनोमीटरचा फिल्टर घ्यावा की अधिक रंग देणारा ५९० चा, कोणत्या लेन्समध्ये चित्राच्या मध्यभागी पांढरट डाग पडतो आणि तो लेन्सचे छिद्र लहान केल्यावर अधिक ठळक का होतो, फोकस कसा सरकतो, पांढरा समतोल (व्हाइट बॅलन्स) कोठे धरावा, लाल आणि निळ्या रंगवाहिन्यांची (चॅनेलची) अदलाबदल केल्यावर आकाशाचे काय होते, हिरवी पाने बर्फासारखी पांढरी का येतात (पानांतील हरितद्रव्य या तरंगलांबीचा प्रकाश शोषत नाही आणि पानाच्या आतील पेशीरचना तो मोठ्या प्रमाणात परत फेकते). यांतील प्रत्येक प्रश्नाला एक लेख लागतो, आणि एवढ्या खोलात शिरणारे लेखन सर्वसाधारण छायाचित्रण-नियतकालिकांत क्वचितच येते. ही उणीव हेच छोट्या प्रकाशनाचे भांडवल.

विषय पुरेसा अरुंद आहे की नाही याची एक सोपी कसोटी आहे. कागदावर बारा अंकांचे मुख्य लेख लिहून काढावेत. पाचव्या-सहाव्या अंकाशी लेखणी अडली तर विषय एका पुस्तिकेपुरता आहे. तिथे मालिका काढू नये, पुस्तिकाच काढावी. उलट बाराही लेख झरझर सुचले, पण त्यांतील कोणताही लेख दुसऱ्या कुठल्याही नियतकालिकात सहज खपला असता असे वाटले, तर विषय अजून कापायला हवा.

अंक की पुस्तिका

हप्त्याहप्त्याने प्रकाशन ही छायाचित्रणात नवी गोष्ट नाही. अ‍ॅना अ‍ॅटकिन्स यांनी ब्रिटनमधील शैवालांच्या सायनोटाइप प्रतिमा १८४३ पासून स्वतःच भागाभागाने काढल्या आणि त्या मोजक्या परिचितांना पाठवल्या. छायाचित्रांनी सजलेले पहिले पुस्तक म्हणून ज्याचा उल्लेख होतो ते असे घरगुती पातळीवर, दहा वर्षांत पुरे झाले. भाग छोटा असला की तो पुरा होतो आणि पुरा झालेला भाग पुढच्या भागाची जाहिरात करतो, हे आजही तितकेच खरे आहे.

एका माणसाने दरमहा अंक काढण्याच्या भरीस पडू नये. छायाचित्रे घेणे, निवडणे, लिहिणे, मांडणी, मुद्रितशोधन, विक्री आणि पत्रव्यवहार एवढे सगळे एकाच व्यक्तीकडे असते तेव्हा त्रैमासिक हाच पेलवणारा वेग असतो, आणि वर्षाला चार अंक ही संख्या वाचकालाही कमी वाटत नाही, कारण असा अंक तो वाचून टाकत नाही. त्यावरून प्रयोग करतो.

वार्षिक वर्गणी मात्र पहिल्याच दिवशी उघडू नये. वर्गणीचे पैसे आगाऊ हातात येतात आणि ते कमाई वाटू लागतात. प्रत्यक्षात ते न निघालेल्या अंकांचे कर्ज असते. पहिले तीन-चार अंक सुटे विकावेत, एक अंक तयार व्हायला खरोखर किती वेळ लागतो ते पाहावे आणि त्यानंतरच वर्गणीची घोषणा करावी. त्या वेळीही प्रत्येक वर्गणीची रक्कम हिशेबात अंकांच्या संख्येने विभागून, अंक पाठवल्यानंतरच तेवढा भाग उत्पन्नात धरावा. हा शिस्तीचा भाग कंटाळवाणा वाटतो, पण अर्ध्या वाटेवर प्रकाशन बंद करण्याची वेळ आली तर वाचकांचे पैसे परत करता येतात ते याच शिस्तीमुळे.

अंक घडवताना

पन्नास-साठ पानांचा अंक धरला, तर त्यात एक मुख्य प्रात्यक्षिक लेख, एक सलग चित्रमालिका, एक साधनांविषयीचा लेख आणि वाचकांच्या कामावरची टिप्पणी एवढे पुरते. यांपैकी चित्रमालिकेला सर्वाधिक वेळ द्यावा लागतो आणि तिलाच सर्वांत कमी दिला जातो. सगळी निवडलेली चित्रे छोट्या आकारात कागदावर छापून, कापून टेबलावर पसरावीत आणि त्यांचा क्रम हाताने लावून पाहावा. पडद्यावर एकेक चित्र पाहताना प्रत्येक चित्र चांगले वाटते. शेजारी शेजारी ठेवल्यावर दोन चित्रे एकच गोष्ट सांगतात हे लक्षात येते आणि त्यांतले एक काढता येते. चाळीसांतून अठरा उरली तर निवड झाली असे समजावे. चाळीसांतून पस्तीस उरत असतील तर ती निवड दुसऱ्या कुणाकडून करून घ्यावी.

प्रात्यक्षिक लेखाचा कस आकड्यांवर लागतो. 'शटर गती कमी ठेवून कॅमेरा अलगद हलवावा' हे वाक्य चुकीचे नाही, पण त्यासाठी कुणी पैसे देणार नाही. तेच असे लिहिता येते: 'भर उन्हात आयएसओ १०० आणि एफ/१६ ठेवल्यास शटर साधारण १/१०० सेकंद येतो, आणि एवढ्या वेळात हाताची हालचाल चित्रात दिसतच नाही. सहा स्टॉपचा (दर स्टॉपला प्रकाश निम्मा करणारा) एनडी फिल्टर लावला की प्रकाश चौसष्टपट कमी होतो आणि शटर अर्ध्या सेकंदाच्या थोडा वर जातो. आता झाडांच्या उभ्या खोडांच्या दिशेने, म्हणजे वरून खाली, कॅमेरा हलवण्यास सुरुवात करावी आणि हालचाल चालू असतानाच बटण दाबावे. बटण दाबून मग हलवल्यास सुरुवातीचा स्थिर क्षण चित्रात उमटतो आणि खोडांना टोक येते.' दुसरा मजकूर लांब आहे, पण तो वाचून मनुष्य बाहेर जाऊन काम करू शकतो.

फसलेल्या चौकटीही छापाव्यात. आडवी हालचाल केल्यावर खोडे कशी पुसली जातात, एक सेकंदाला चित्राचे कसे पीठ होते, हे यशस्वी चित्राच्या शेजारी लहान आकारात दाखवले की लेखाची किंमत दुपटीने वाढते. चित्र किती वेळा फसते हे लपवणारी प्रात्यक्षिके वाचकाला लवकरच निराश करतात, आणि निराश वाचक दुसरा अंक घेत नाही.

रसायने किंवा विजेशी संबंध असलेल्या पद्धतींविषयी लिहिताना प्रकाशकाची जबाबदारी वाढते. सायनोटाइपसाठी लागणारे पोटॅशियम फेरीसायनाइड नेहमीच्या वापरात फारसे धोक्याचे नसले, तरी तीव्र आम्लाशी संपर्क आल्यास किंवा फार तापवल्यास त्यातून विषारी वायू निघू शकतो; कॅमेरा स्वतः उघडून इन्फ्रारेडसाठी बदलू पाहणाऱ्याला फ्लॅशच्या कपॅसिटरमध्ये बॅटरी काढल्यानंतरही विद्युतभार शिल्लक राहतो हे माहीत असतेच असे नाही. अशा सूचना लेखाच्या शेवटी बारीक अक्षरांत न देता ज्या पायरीवर धोका आहे त्याच पायरीवर द्याव्यात.

अंक विक्रीस काढण्यापूर्वी तो त्या विषयातल्या एका नवख्या माणसाच्या हाती द्यावा, त्याने शेजारी बसून प्रात्यक्षिक करून पाहावे आणि लेखकाने तोंडातून शब्द काढू नये. तो जिथे थबकतो तिथे वाक्य अपुरे आहे.

फाइल कशी असावी

चित्रप्रधान अंकासाठी पीडीएफ हेच आजही सर्वांत भरवशाचे स्वरूप आहे. १९९३ मध्ये आलेले आणि २००८ पासून आयएसओ या संस्थेचे आंतरराष्ट्रीय मानक असलेले हे स्वरूप जवळजवळ प्रत्येक उपकरणावर उघडते आणि पान जसे मांडले तसेच दिसते. ईपब या ई-पुस्तकांच्या स्वरूपाचे दोन प्रकार आहेत: एकात मजकूर पडद्याप्रमाणे वाहतो, दुसऱ्यात पान स्थिर राहते. मजकूर जास्त आणि चित्रे थोडी असतील तर पहिला प्रकार मोबाइलवर वाचायला फार सोयीचा पडतो; स्थिर पानाचे ईपब मात्र वेगवेगळ्या वाचनअ‍ॅपमध्ये वेगवेगळे वागते, म्हणून सुरुवातीला त्याच्या वाटेला न गेलेले बरे.

छापील मासिकाची उभी, जोडपानांची मांडणी पडद्यावर आणणे ही वारंवार दिसणारी चूक आहे. जोडपानावर पसरलेले चित्र बहुतेक वाचकांना दोन तुकड्यांत दिसते. त्याऐवजी ४:३ प्रमाणातील आडवे एकेरी पान घ्यावे. ४:३ पडद्याच्या टॅब्लेटवर ते पूर्ण भरते, संगणकावर पान सरकवावे लागत नाही आणि मोबाइल आडवा धरला की अक्षरे वाचता येतात. अक्षरांचा आकार ठरवताना अंक मोबाइलवर उघडून पाहावा, मोठ्या पडद्यावर नव्हे.

पानभर चित्राची लांब बाजू २००० ते २५०० पिक्सेल असली की पडद्यासाठी ती पुरते. त्याहून मोठी चित्रे घातल्याने फाइल फुगते आणि पूर्ण दर्जाचे चित्र आयतेच कुणाच्या तरी हाती लागते. सर्व चित्रे एसआरजीबी या पडद्यांसाठीच्या सर्वसाधारण रंगावकाशात बदलून, प्रोफाइल (रंग कसे वाचायचे हे सांगणारी नोंद) फाइलमध्ये ठेवूनच निर्यात करावीत. अ‍ॅडोबी आरजीबी या अधिक रुंद रंगावकाशातले चित्र प्रोफाइलविना गेले तर ते वाचकाच्या पडद्यावर फिके दिसते आणि त्याचा दोष चित्राच्या माथी येतो. गडद लाल रंगाची चित्रे जेपीईजी करताना रंगाचा तपशील कमी करणारी सोय बंद ठेवावी, नाहीतर लाल कडा विस्कटतात. रात्रीच्या आकाशातील किंवा धुक्यातील हळुवार छटांवर पट्टे उमटत असतील तर निर्यातीपूर्वी अगदी थोडे ग्रेन मिसळावे, पट्टे मोडतात.

फाँट वापरण्यापूर्वी त्याचा परवाना वाचावा. पोस्टर करायला परवानगी देणारा परवाना विक्रीच्या ई-पुस्तकात फाँट अंतर्भूत करायला परवानगी देतोच असे नाही. ओपन फाँट लायसन्स या खुल्या परवान्याखालील फाँट ही अडचण मुळातच ठेवत नाहीत. प्रत्येक चित्राच्या आयपीटीसी नोंदीत (चित्राच्या फाइलमध्येच साठणाऱ्या माहितीत) छायाचित्रकाराचे नाव आणि स्वामित्वहक्काची ओळ भरावी, आणि ठिकाणाचे अक्षांश-रेखांश काढून टाकावेत. विशेषतः पक्ष्यांची घरटी, दुर्मीळ वनस्पती किंवा कुणाचे राहते घर चित्रात असेल तेव्हा हे विसरून चालत नाही. ज्यांना चित्र दिसत नाही अशा वाचकांसाठी प्रत्येक चित्राला वर्णनाची ओळ जोडावी. युरोपीय संघात २८ जून २०२५ पासून ई-पुस्तकांना सुलभतेचे नियम लागू झाले आहेत. अगदी लहान सेवा-उद्योगांना त्यात सूट असली, तरी वर्णन लिहिण्याची सवय पहिल्या अंकापासून लावलेली चांगली. जुन्या पन्नास अंकांना मागाहून वर्णने जोडण्याचे काम कुणाच्याच हातून होत नाही.

हक्क आणि परवानग्या

स्वामित्वहक्काविषयीच्या १८८६ च्या आंतरराष्ट्रीय बर्न कराराशी जोडलेल्या देशांत छायाचित्र घेतल्याक्षणी त्यावर छायाचित्रकाराचा हक्क निर्माण होतो. १९०८ च्या सुधारणेपासून त्यासाठी नोंदणीची अट घालता येत नाही. याचा अर्थ, ज्यावर कुणाचेच नाव नाही असे इंटरनेटवरचे चित्रही कुणाच्या तरी मालकीचे असते. जुन्या चित्रांबाबत अधिक सावध राहावे. बर्न करारात छायाचित्रांसाठी किमान मुदत इतर कृतींपेक्षा बरीच कमी, म्हणजे २५ वर्षे होती. १९९६ च्या वायपो (संयुक्त राष्ट्रांची बौद्धिक संपदा संस्था) स्वामित्वहक्क कराराने तो भेद काढला, पण जुन्या चित्रांची मुदत देशागणिक वेगळी राहिली. हाती असलेला जुना छापील फोटो विकत घेतलेला असला, तरी त्यासोबत तो प्रसिद्ध करण्याचा हक्क येत नाही.

चित्रात ओळखू येणारी व्यक्ती असेल आणि ते चित्र मुखपृष्ठावर किंवा जाहिरातीत जाणार असेल तर तिची लेखी संमती घ्यावी. वास्तूंचा प्रश्न कधी कधी अनपेक्षित वळण घेतो. आयफेल टॉवरच्या रचनेवरचे हक्क केव्हाच संपले आहेत, म्हणून दिवसाचे चित्र खुशाल छापता येते. रात्रीची रोषणाई मात्र १९८५ ची स्वतंत्र कलाकृती मानली जाते आणि तिच्या व्यावसायिक वापरासाठी टॉवर चालवणाऱ्या संस्थेची परवानगी मागावी लागते.

इतरांची चित्रे छापायची असतील तर तोंडी होकारावर काम करू नये. लांबलचक करारनामाही नको. त्याने माणसे बिचकतात. पत्रात एवढे असले तरी पुष्कळ होते: 'आपले हे छायाचित्र अंक क्रमांक ३ मध्ये पीडीएफ व ईपब या दोन स्वरूपांत, तसेच त्या अंकाच्या जाहिरातीसाठी जास्तीत जास्त ८०० पिक्सेल रुंदीत वापरण्याची परवानगी आपण आम्हाला देत आहात. हेच छायाचित्र इतरत्र प्रसिद्ध करण्यास आपण मोकळे आहात आणि स्वामित्वहक्क आपल्याकडेच राहील. मानधन अंक प्रसिद्ध झाल्यापासून ३० दिवसांत दिले जाईल. छापील आवृत्तीत किंवा संग्रहात चित्र घ्यायचे झाल्यास आम्ही पुन्हा विचारू.' यातले शेवटचे वाक्य प्रकाशकालाच जास्त उपयोगी पडते, कारण पुढे चार अंकांचा संग्रह काढताना नेमका हाच प्रश्न उभा राहतो. मानधन थोडे असले तरी चालेल, पण ते असावे. 'तुमच्या कामाला प्रसिद्धी मिळेल' या बोलीवर मिळालेली चित्रे बहुधा दुय्यम असतात आणि ती देणारा पुन्हा फिरकत नाही.

कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केलेल्या प्रतिमांविषयीचे धोरण पहिल्याच अंकात, एका परिच्छेदात, स्पष्ट छापावे: त्या घेतल्या जातात की नाही, आणि घेतल्यास कशा दर्शवल्या जातात. मुळात अवास्तव भासणारी चित्रे छापणाऱ्या प्रकाशनाला हे इतरांपेक्षा अधिक गरजेचे आहे. जे चित्र कॅमेरा हलवून केले आहे असे सांगितले ते खरोखर तसेच केले आहे, या विश्वासावर प्रात्यक्षिक लेखाची सगळी मदार असते, म्हणून शंका आली तर योगदात्याकडून मूळ रॉ फाइल (कॅमेऱ्यातून निघालेली, प्रक्रिया न केलेली) मागण्यास संकोच करू नये.

किंमत आणि विक्रीचा मार्ग

मोठ्या ई-पुस्तक दुकानांत चित्रप्रधान पुस्तकाचे गणित मजकुराच्या पुस्तकापेक्षा वेगळे पडते, आणि ते न मांडता किंमत ठरवणारे बरेच जण पुढे बुचकळ्यात पडतात. अ‍ॅमेझॉनच्या किंडल प्रकाशन सेवेचे उदाहरण घ्यावे. तिथे प्रकाशकाला मिळणाऱ्या वाट्याचे ७० टक्क्यांचा आणि ३५ टक्क्यांचा असे दोन पर्याय असतात. अमेरिकी बाजारात ७० टक्क्यांच्या पर्यायासाठी पुस्तकाची किंमत २.९९ ते ९.९९ डॉलर यांच्या दरम्यान ठेवावी लागते आणि फाइलच्या प्रत्येक मेगाबाइटमागे ०.१५ डॉलर वितरणखर्च आधी वजा होतो. ३५ टक्क्यांच्या पर्यायात तो कापला जात नाही. आता ९.९९ डॉलर किंमतीचे, रूपांतरानंतर ४० मेगाबाइट भरणारे पुस्तक धरू. वितरणखर्च झाला ६ डॉलर, उरलेल्या ३.९९ चे ७० टक्के म्हणजे २.७९ डॉलर. ३५ टक्क्यांच्या पर्यायात त्याच पुस्तकाचे ३.५० डॉलर मिळतात. म्हणजे नावाने निम्मा असलेला दर इथे जास्त देऊन जातो. फाइल १० मेगाबाइटवर आणली, तर मात्र ७० टक्क्यांच्या पर्यायात ५.९४ डॉलर पदरात पडतात. या किंमतीला दोन्ही पर्याय सुमारे ३३ मेगाबाइटपाशी सारखे होतात. दर बदलत राहतात, म्हणून नोंदणीच्या दिवशी ते पुन्हा पाहावेत. हिशेबाची रीत तीच राहते.

यावरून माझे मत असे बनले आहे की मोठ्या दुकानात छोटी, मजकूरप्रधान, हलकी पुस्तिका ठेवावी, ती अनोळखी वाचकाला प्रकाशनापर्यंत आणण्याचे काम करते. आणि जड, चित्रांनी भरलेले अंक स्वतःच्या विक्रीपानावरून विकावेत. स्वतः विकताना मेगाबाइटचा भार नसतो, पण कार्डावरील प्रत्येक व्यवहारात टक्केवारीशिवाय एक ठरावीक रक्कम कापली जाते आणि ती स्वस्त वस्तूला जास्त बोचते. म्हणून फार कमी किंमतीचा सुटा अंक ठेवण्याऐवजी दोन किंवा चार अंकांचे संच जोडावेत. जुन्या अंकांचा संच हा अशा व्यवसायाचा मोठा आधार ठरतो, कारण त्यावरचा खर्च आधीच होऊन गेलेला असतो आणि इन्फ्रारेड किंवा पिनहोलवरचा लेख दोन वर्षांनी शिळा होत नाही.

परदेशी ग्राहक आले की कराचा प्रश्न येतो. युरोपीय संघात १ जानेवारी २०१५ पासून ग्राहकांना विकलेल्या डिजिटल सेवांवरील कर सर्वसाधारणपणे ग्राहक जिथे राहतो त्या देशाच्या दराने लागतो. एकट्या प्रकाशकाने हे स्वतः सांभाळण्यापेक्षा 'मर्चंट ऑफ रेकॉर्ड' म्हणून काम करणारी, म्हणजे कायद्याने स्वतः विक्रेता होऊन कर गोळा करून भरणारी सेवा निवडावी. तिचे कमिशन जास्त असते, पण सुरुवातीच्या काळात ते देणे शहाणपणाचे आहे.

आयएसबीएन या पुस्तकाच्या ओळखक्रमांकाविषयी थोडक्यात: २००७ पासून तो तेरा अंकी आहे, काही देशांत मोफत आणि काही देशांत विकत मिळतो, आणि पीडीएफ व ईपब यांना वेगवेगळा घ्यावा लागतो. नियतकालिकाला आठ अंकी आयएसएसएन लागू होतो. स्वतःच्या विक्रीपानावर विकण्यासाठी यांतील काहीही सक्तीचे नाही. ग्रंथालयांपर्यंत जायचे असेल तर मात्र घ्यावे.

फाइलला कुलूप लावण्यात वेळ घालवू नये. कुलपाचा त्रास प्रामाणिक ग्राहकालाच होतो. पानाच्या तळाशी ग्राहकाचा ईमेल पत्ता बारीक अक्षरांत उमटवण्याची सोय पुष्कळ विक्रीसेवा देतात. तेवढ्याने बेफिकीर वाटप बरेच आवरते.

वाचकांची यादी

समाजमाध्यमावरचे अनुयायी उसने असतात. तिथला क्रम ठरवणारी यंत्रणा उद्या बदलली की पोहोच आटते. ईमेल यादी प्रकाशकाच्या ताब्यात राहते, म्हणून बाकी प्रत्येक माध्यमाचे काम वाचकाला त्या यादीपर्यंत आणणे एवढेच ठेवावे. यादीत नाव देणाऱ्याला अंकातील एक पूर्ण प्रात्यक्षिक लेख मोफत द्यावा. चार पानांची झलक देऊ नये. अर्धवट झलक वाचून कुणाचाही प्रयोग यशस्वी होत नाही आणि ज्याचा प्रयोग यशस्वी होतो तोच पुढचा अंक विकत घेतो.

पत्रे स्वतःच्या डोमेनवरूनच पाठवावीत. जीमेल आणि याहू यांनी २०२४ पासून मोठ्या प्रमाणावर पत्रे पाठवणाऱ्यांना एसपीएफ, डीकिम आणि डीमार्क या ओळखतपासण्या आणि एका टिचकीत नाव काढण्याची सोय सक्तीची केली आहे; लहान यादीनेही हे पहिल्या दिवशीच बसवून घ्यावे. नाव नोंदवताना आलेल्या पत्रातील दुव्यावर टिचकी मारून पुन्हा होकार देण्याची पद्धत ठेवली की यादी थोडी लहान राहते, पण ती खरी असते आणि संमतीचा पुरावाही हाती राहतो, जो २०१८ पासून लागू झालेल्या युरोपीय माहितीसंरक्षण नियमांखाली मागितला जाऊ शकतो.

दोन अंकांच्या मधल्या काळात महिन्यातून दोन पत्रे पुरेत. प्रत्येक पत्रात एक चित्र, त्यामागचे आकडे आणि एक प्रश्न असावा. वाचकांची उत्तरे आली की त्यांतून पुढच्या अंकाचे लेख सुचतात. 'माझ्या लेन्समध्ये हा डाग का येतो' असे तिघांनी विचारले तर तो लेख आधी लिहावा, मग तो बारा अंकांच्या यादीत असो वा नसो.

हिशेब, राखण आणि जुने अंक

हिशेबाची वही साधी असावी, पण ती अंकानुसार असावी. प्रत्येक अंकावर किती तास गेले, मानधन किती दिले, पहिल्या महिन्यात किती प्रती गेल्या आणि वर्षभरात किती, एवढ्या नोंदी पुरतात. तासांची नोंद टाळली जाते आणि तिथेच फसगत होते, कारण मानधन व शुल्क वजा जाता उरलेली रक्कम तासांनी भागल्याशिवाय हा व्यवसाय आहे की महागडा छंद हे कळत नाही. पहिल्या वर्षी तो आकडा लाजिरवाणा येतो, हे गृहीत धरावे. दुसऱ्या वर्षी जुन्या अंकांची विक्री त्यात मिसळू लागली की नाही हे पाहावे. ती मिसळत नसेल तर विषयाची निवड किंवा विक्रीपान यांपैकी काहीतरी चुकले आहे.

मूळ रॉ फाइली, मांडणीच्या फाइली आणि परवानगीची पत्रे यांच्या तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर आणि त्यांतली एक दुसऱ्या ठिकाणी ठेवावी. छायाचित्रकार चित्रांबाबत हे करतात. परवानगीची पत्रे मात्र ईमेलच्या ढिगात राहतात आणि तो ईमेल पत्ता बंद पडला की गेलीच.

जुने अंक विकत राहायचे असतील तर ते दुरुस्तही करत राहावे लागते. सॉफ्टवेअरच्या मेनूतील नावे बदलतात, एखादा फिल्टर मिळेनासा होतो, वाचक आकड्यातली चूक दाखवून देतो. प्रत्येक अंकाच्या श्रेयनामावलीच्या पानावर आवृत्तीचा क्रमांक आणि तारीख छापावी, काय बदलले ते दोन ओळींत लिहावे आणि सुधारलेली फाइल ज्यांनी तो अंक आधी घेतला आहे त्यांना विनामूल्य पाठवावी. विक्रीसेवा निवडतानाच जुन्या ग्राहकांना नवी फाइल एकगठ्ठा पाठवण्याची सोय तिच्यात आहे का हे तपासून घ्यावे, कारण ती नसेल तर हे काम हाताने, एकेक पत्र लिहून करावे लागते.